हल्ली सगळे हळू बोलतात

८ तारीख, गुरुवार

शाळेत मी चौथीच्या पुढे गेले नाही, तेव्हा अक्षर कसंही येईल. वाचणार कोण आहे म्हणा. ही वही लेकीनं दिली. म्हणाली, "आई, प्रवासाचं लिहीत जा, नंतर वाचायला मजा येते." मजेसाठी मी काही करत नाही. पण घरात काहीतरी शिजतंय आणि मला कोणी सांगत नाही, म्हणून लिहून ठेवते. उद्या 'आम्ही असं म्हणालोच नव्हतो' असं कोणी म्हणायला नको.

आमची पिठाची गिरणी आहे. हे पोती उचलतात, गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. दगडांपाशी मी. लग्न करून आले तेव्हापासून दगडांपाशी मीच. सासूनं शिकवलं, सासू गेली, मी राहिले. गेल्या महिन्यात वरच्या नरसाळ्यातले दाणे संपले आणि दगड कोरडेच एकमेकांवर फिरले. ठिणग्या उडाल्या. जळका वास आला तेव्हा मी बटण बंद केलं. खालच्या पिशवीनं पेट घेतला होता, तो पायानं विझवला. बस, एवढंच. गिरणी म्हटली की असं व्हायचंच. पण त्या दिवसापासून सगळ्यांचं एकच, दाणे संपल्याचं तुला कळलं कसं नाही. अरे, दाराशी गिऱ्हाईक उभं होतं, त्याला सांगायला काय झालं होतं? तो म्हणतो, मी ओरडत होतो. धादांत खोटं. समोर उभा असताना मी कोणाचं ऐकलं नाही असं कधी झालंय?

तेव्हापासून घरात कुजबुज. मी खोलीत आले की ओठ मिटतात. जावई तर एक दिवस फीत घेऊन आला आणि नरसाळं मोजून गेला. तो जमिनी मोजायच्या कचेरीत आहे. मोजणारा माणूस उगाच मोजत नाही. गिरणी माझ्या हातून काढून घ्यायचा डाव आहे, आणि हे ओळखायला चौथी पुष्कळ झाली.

आणि आता हा प्रवास. गिरणीला कुलूप, भाड्याची गाडी, आणि म्हणे वाळवंटातली राष्ट्रीय उद्यानं पायी हिंडायची. मी विचारलं, हे खूळ कोणाच्या डोक्यातलं? लेक म्हणते जावयाच्या. जावई म्हणतो बाबांच्या. हे म्हणतात लेकीच्या. तिघांची तीन तोंडं. उद्या सकाळी निघायचंय. मी पिशवी भरली आहे, पण मन नाही.

९ तारीख, शुक्रवार

दिवसभर गाडीत. पुढे हे आणि जावई, आलटून पालटून चालवतात. मागे लेक आणि मी. मला दिसतात ती फक्त दोन डोकी, एक टकलं आणि एक व्हायच्या मार्गावर. ती दोन डोकी अधूनमधून एकमेकांकडे वळतात, हलतात, परत सरळ होतात. शब्द म्हणून एक मागे येत नाही. मी दोनदा म्हटलं, "काय ते मोठ्यानं बोला की." ह्यांनी वळून सांगितलं, "अगं, टोलनाका कुठं आहे ते बघतोय." टोलनाका बघायला एवढं गुपचूप लागतं?

जावयाला मी मनातल्या मनात पुटपुट्या म्हणते. त्याचं बोलणंच तसं, ओठातल्या ओठात. लग्नाआधी बरा बोलायचा. समोर बसवून बोललं की अजूनही नीट बोलतो. पाठ वळली की पुटपुट सुरू. ही सवय मी अलीकडे सगळ्यांनाच लागलेली बघते.

मध्ये मी म्हटलं, गाणी तरी लावा. लावली होतीच म्हणे. मग आवाज वाढवा. वाढवला. लेकीनं कानात बोटं घातली. आजकालच्या मुलींना काही सोसत नाही. गिरणीत वाढलेली पोरगी, पाळण्यात असताना पट्ट्याच्या आवाजाशिवाय झोपत नव्हती.

१० तारीख, शनिवार

पहिलं उद्यान बघितलं. उद्यान म्हणजे मला वाटलं चार झाडं, एक कारंजं, बसायला बाक. एक झाड नाही. नजर जाईल तिथवर लाल दगड, त्यावर दगड, आणि त्या दोन्हींकडे तोंडं वासून बघणारी माणसं. तिकीट काढून. फाटकावर वनरक्षक होता, मोठी टोपी घातलेला, त्यानं नियम सांगितले. टोपीच्या सावलीत त्याचं तोंड दिसत नव्हतं, आणि तोही पुटपुटणाराच निघाला. मी मान हलवली. नियम काय, सगळीकडे तेच असतात, कचरा टाकू नका.

चालायला मात्र मला आवडलं, हे खरं आहे ते लिहिते. पायाखाली वाळू, मग खडक, मग परत वाळू. वाट दाखवायला दगडांवर दगड रचून ठेवलेत. मी सगळ्यांच्या पुढे. पाण्याची पिशवी माझ्याच पाठीवर. दुसऱ्याकडे दिली तर कोण कुठं विसरेल सांगता येत नाही. ह्यांचे गुडघे बोलतात आणि लेक दर दहा पावलांवर फोटो काढते.

वर एका सपाट खडकावर बसलो तेव्हा लेक डोळे मिटून म्हणाली, "आई, किती शांत आहे ना? काहीच आवाज नाही."

मी म्हटलं, "काहीच नाही कसं? एवढे किडे किरकिरतायत."

"किडे?"

"मग काय. सकाळपासून. कान किटले नुसते."

लेकीनं ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी जावयाकडे. जावयानं पायाच्या बोटांकडे. एवढे किडे कोकलतायत आणि तिघांपैकी एकालाही ऐकू येऊ नये? मी बोलून दाखवलं, "तुमचे कान तपासून घ्या एकदा." त्यावर कोणी हसलं नाही. विनोद केला की हसणारी माणसं ही, पण आज नाही. म्हणजे मनात काहीतरी आहे.

उतरल्यावर गाडीतळावर एक मोठी गाडी मागून अगदी माझ्या अंगाला लागून थांबली. ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करायला लागला. मी त्याला चार शब्द सुनावले, "आवाज न करता अंगावर येतोस, वर तूच ओरडतोस?" तर लेक मधे पडली आणि त्याची माफी मागून मला ओढत घेऊन गेली. चूक त्याची, माफी आमची.

१२ तारीख, सोमवार

काल काही झालं नाही, मिठाचं मैदान बघितलं. पांढरं आणि सपाट. पीठ सांडल्यासारखं. मला वाटलं झाडू घ्यावा.

आज मात्र झालं. सकाळी लॉजच्या खिडकीतून मी बाहेर बघत होते. लेक अंघोळीला गेली होती. खाली गाडीमागे हे आणि जावई उभे. जावयानं दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवली आणि झटक्यानं अलग केली. हे हसले. मग ह्यांनी त्याचं कोपर धरून वर उचललं, असं नाही, असं, म्हणून. त्यानं परत केलं. मग पालथा तळवा खाली दाबला. मग बोटावर अंगठा चोळला.

माझ्या अंगाची आग झाली. कारण ते माझे हात होते. गिरणी चालू असली की बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा आम्ही दोघं हातांनी बोलतो. सासूनं शिकवलेलं. मनगटं जोडून सोडली की पट्टा तुटला. तळवा दाबला की सावकाश. अंगठा चोळला की बारीक दळ. चेहऱ्यासमोर रिकामी मूठ उघडली की दाणे संपले. आणि हा पुटपुट्या गाडीमागे उभा राहून माझी नक्कल करतोय, आणि माझा नवरा त्याला शिकवतोय नक्कल कशी हुबेहूब करायची.

नाश्त्याला मी कोरडाच ब्रेड घेतला. जावई म्हणाला, "आई, लोणी देऊ?" मी म्हटलं, "माझे हात आहेत." त्यानं बशी ह्यांच्याकडे सरकवली. हे खाली मान घालून ब्रेडला लोणी लावत बसले, दोन्ही बाजूंनी.

संध्याकाळी आणखी एक. मी खोलीत टीव्ही बघत होते. लॉजवाला दारात आला आणि लेकीशी काहीतरी बोलला. ती "सॉरी, सॉरी" करत होती. तो गेल्यावर तिनं टीव्हीचा आवाज जवळजवळ बंदच केला. मी विचारलं, "काय म्हणत होता?" म्हणे, शेजारच्या खोलीतल्यांना त्रास होतो. मी म्हटलं, "त्यांना म्हणावं कापूस घाला." ती पलंगावर माझ्याजवळ बसली. माझा हात हातात घेतला. म्हणाली, "आई, मला तुझ्याशी बोलायचंय."

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "आधी तुझ्या नवऱ्याला सांग, सासूची नक्कल करायची तर सासूसमोर कर." आणि अंघोळीला निघून गेले. बादली भरेपर्यंत नळ पूर्ण सोडून ठेवला. ती दारावर थापा मारत असेल तर मारू दे.

१३ तारीख, मंगळवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

आज घळीतून चालायचं होतं. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधून कोरडी नदी, आणि शेवटी वर चढून एक कमान आहे दगडाची, ती बघायची. कालचा राग माझ्या डोक्यात होताच. मी म्हटलं, ह्यांना काय कुजबुजायचंय ते कुजबुजू दे, मी आपली पुढे जाते. गेले. पाण्याची पिशवी माझ्या पाठीवर. मागे वळून एकदाही बघितलं नाही. कशाला बघायचं?

वाटेत एक म्हातारं जोडपं मला मागे टाकून गेलं. ती बाई थांबली, माझ्या मागे बोट दाखवून काहीतरी बोलायला लागली. मी म्हटलं, हो हो, माझीच माणसं आहेत, हळू चालतात. ती परत बोलली. मी पुढे निघाले. अनोळखी माणसाला घरच्या गोष्टी कशाला सांगायच्या.

वर पोचले, कमानीखाली सावलीत बसले. पाणी प्यायले. खाली सगळी घळ दिसत होती, पण वळणामुळे माणसं दिसत नव्हती. बराच वेळ गेला. मी बसल्या बसल्या सगळं जुळवलं. मुद्दाम मागे राहिलेत. आज ठरवून टाकतायत. गिरणी कोणाला द्यायची, मला घरात कुठं बसवायचं, कोणी सांगायचं. नवरा म्हणेल लेक सांगेल, लेक म्हणेल जावई सांगेल. मी उत्तरसुद्धा तयार करून ठेवलं. म्हणणार होते, मला दगडांपासून उठवायचं असेल तर आधी दगड उचलून दाखवा.

आणि तेवढ्यात खालून पुटपुट्या येताना दिसला. एकटाच. पळत. त्या चढावर कोणी पळत नाही. टोपी कुठं पडलेली, तोंड लालभडक, तोंड उघडं, मिटतं, उघडं, मिटतं. मला वाटलं दम लागलाय. माझ्यासमोर येऊन वाकून उभा राहिला. बोलायला श्वास नाही. मग त्यानं मान वर केली आणि दोन्ही मनगटं जोडून झटक्यानं अलग केली. आणि स्वतःच्या घोट्यावर हात मारला. आणि घळीकडे दाखवलं. आणि चेहऱ्यासमोर मूठ उघडली.

पट्टा तुटला. पाय. खाली. संपलं.

विचार करायच्या आधी मी उठले होते. काय संपलं तेही कळलं. पाणी माझ्या पाठीवर होतं.

उतरताना मी त्याच्याही पुढे. लेक एका कपारीला टेकून बसली होती, डावा घोटा सुजून भोपळा झालेला, ओठ पांढरे. ह्यांनी सदरा काढून तिच्या डोक्यावर धरला होता आणि स्वतः उन्हात उभे होते, बनियनवर. कपारीत सावली म्हणून हाताएवढीसुद्धा नव्हती. तिनं पाणी पिताना पिशवी सोडलीच नाही. मी म्हटलं, "अगं, पडलीस तर हाक नाही का मारायची? मी काय दुसऱ्या देशात गेले होते?"

तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी म्हणायला गेली. ओठ हलले. पण मी बघत होते ना, घसा चालतच नव्हता तिचा. फाटला होता. ओरडून ओरडून.

वनरक्षक आले, खुर्चीसारखं काहीतरी करून तिला उचलून नेलं. हाड मोडलं नाही म्हणाले. ऊन लागलंय, आराम हवा. त्यातला एकजण ह्यांच्याशी बोलताना माझ्याकडे बघत होता. मला ती नजर कळत नाही असं नाही. आमच्या गल्लीत एक मुका होता, त्याच्या आईकडे लोक तसं बघायचे.

वारा उलटा असेल. घळीत वारा उलटा फिरतो.

१४ तारीख, बुधवार

वारा नव्हता. मी ह्यांना विचारलं. म्हणाले, झाडाचं पान हलत नव्हतं. मी म्हटलं, झाड होतं कुठं? तर म्हणाले, तेच म्हणतोय.

लेक झोपून आहे. जावई तिच्या पायाला बर्फ लावतोय. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

१५ तारीख, गुरुवार

आज संध्याकाळी ह्यांना म्हटलं, चला, लॉजच्या मागे फिरून येऊ. मागे नुसतं रान आहे, वाळू आणि काटेरी झुडपं. ऊन कलतं होतं. मी म्हटलं, "इथं माझ्या मागे उभे राहा. मी वळणार नाही. तुम्ही मला शिव्या द्या."

"शिव्या? का?"

"लग्न झाल्यापासून देता आल्या नाहीत त्या सगळ्या द्या. मोठ्यानं. कोणी नाही ऐकायला."

मी पाठ करून उभी राहिले. सूर्य आमच्या मागे होता, त्यामुळे सावल्या माझ्या पुढे पडलेल्या, लांबच लांब. माझी एक, तिच्या बाजूला ह्यांची. मी ह्यांच्या सावलीकडे बघत राहिले. सावली आधी नुसतीच उभी होती. मग तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले. मग ती पुढे वाकली, जशी माणसं विहिरीत वाकून हाक मारतात. सरळ झाली. परत वाकली. परत.

किडे किरकिरत होते. बाकी काही नाही.

मी वळले. ह्यांचं तोंड लाल झालेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि डोळे भरलेले.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"शिव्या दिल्यात?"

"नाही."

"मग एवढं ओरडलात काय?"

"तुझं नाव."

"चारचौघांत बायकोला अशा हाका मारतात?"

"इथं कोण आहे, अगं."

मी खाली बसले. वाळू अजून गरम होती. मी विचारलं, "किडे आहेत का हो इथं? किरकिरणारे?" ह्यांनी मान हलवली, नाही. मी म्हटलं, "एकही?" परत नाही. माझ्या मनात आलं, माणूस खोटं बोलत असेल. पण सावली खोटं बोलत नाही, तिला काय मिळणार आहे बोलून.

खोलीत आले आणि लेकीच्या पलंगासमोर खुर्ची ओढून बसले. जावयालाही समोर बसवलं, ह्यांनाही. म्हटलं, "आता तोंड दिसेल असे बसा आणि काय ठरवलंय ते बोला. सगळं. मला चौघांत वेडं ठरवायचं नाही."

लेकीचा घसा अजून बसलेला. पण ती सावकाश बोलली आणि मी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. म्हणाली, "आई, तुला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली असतील. गिरणीत तुम्ही हातांनीच बोलता, म्हणून बाबांनासुद्धा कळलं नाही. आम्हाला कळलं त्या आगीच्या दिवशी. दगड कोरडे फिरले की केवढा आवाज होतो, रस्त्यापर्यंत येतो. तू पाठ करून उभी होतीस."

"हे सांगायला एवढं वाळवंट लागतं?"

"हो."

"घरी तोंड नव्हतं का तुम्हाला?"

लेकीनं नवऱ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. दोघंही शूर. मग तीच म्हणाली, "घरी सांगायला आलो की तू गिरणी सुरू करतेस."

मी म्हटलं, "मी?"

"तुला नको असलेलं कोणी बोलायला लागलं की तू उठतेस आणि बटण दाबतेस. आजीशी भांडण झालं की दाबायचीस. माझ्या लग्नाचं मी सांगितलं तेव्हा दाबलंस, धान्य नव्हतं आत तरी. आई, जिथं तुझ्या हाताशी बटण नाही अशी जागा शोधत होतो आम्ही. तरी तू नळ सोडलासच."

हे हसले. हसू आवरेना म्हणून तोंडावर हात घेतला. मी म्हटलं, "हात काढा तोंडावरचा, दिसत नाही मला." तेव्हा लेकही हसली आणि तिचा घसा दुखला.

मी जावयाकडे वळले. "आणि तुम्ही? नरसाळं कशाला मोजलंत?"

तो माझ्याकडे बघून, एकेक शब्द वेगळा करून म्हणाला, "दिवा बसवायला. दाणे संपत आले की लाल दिवा लागेल. म्हणजे तुम्हाला दिसेल."

"आणि नक्कल?"

"नक्कल नाही हो आई. शिकत होतो. बाबा म्हणाले, कान तपासेपर्यंत तरी हातांनी बोलता आलं पाहिजे. मला सावकाश आणि बारीक यांत घोळ होतो."

"पट्टा बरा तोडलात."

"भीतीनं जमलं."

लेक म्हणाली, आता एकच राहिलं. घरी गेल्यावर आधी डॉक्टर. आणि डॉक्टर काय म्हणेल ते म्हणू दे, दगडांपाशी एकटीनं उभं राहायचं नाही. कधीच नाही. ती हे म्हणताना माझ्या हाताशी काही नव्हतं. उशी होती. मी उशी मांडीवर घेतली.

मी म्हटलं, "बघू."

ती म्हणाली, "बघू नाही. हो किंवा नाही."

माझ्याच पोटची. मी तिच्या घोट्याकडे बघितलं, तो अजून जांभळा होता, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. आत काय बोलतायत ते मला ऐकू आलं नाही, आणि पहिल्यांदाच मला ठाऊक होतं की का येत नाही. तरी मी दोनदा वळून बघितलं. सवय जात नाही.

१७ तारीख, शनिवार

परतीचा प्रवास. मला पुढच्या सीटवर बसवलंय, अर्धी मागे वळून. मान दुखते पण तोंडं दिसतात. दिवसभर बघितलं काय बोलतात ते. पेट्रोल कुठं भरायचं. टोलनाका कुठं आहे. भाड्याच्या गाडीवर चरा कोणी पाडला. भूक कोणाला लागली. एवढंच. एवढ्यासाठी मी इतके दिवस जिवाला घोर लावून घेतला. मी म्हटलं, "तुम्ही एवढं कंटाळवाणं बोलता हे आधी सांगितलं असतंत तर मी विचारलंच नसतं."

डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे काहीतरी पुटपुट दिसली. मी वळेपर्यंत ओठ मिटले होते. म्हणजे अजून थोडं आहे.

१९ तारीख, सोमवार

गिरणी उघडली. दाराशी पिशव्यांची रांग. कानाच्या डॉक्टरची वेळ गुरुवारची मिळालीय. जावई रविवारी दिवा बसवायला येतो म्हणालाय, लेकीला चालता आलं तर तीही येईल. तोवर काय?

बटणापाशी मी गेले. हात वर नेला आणि खाली घेतला. ह्यांना हाक मारली. हे पोतं टाकून आले, अंगभर पीठ. मी म्हटलं, "पोती राहू दे. तुम्ही इथं नरसाळ्यापाशी उभं राहायचं. ऐकायचं काम तुमचं. हातांचं माझं."

"आणि पोती?"

"गिऱ्हाइकं उचलतील. नुसती उभी असतात."

मी सुरू केली. हे नरसाळ्याजवळ उभे राहिले, मान तिरकी करून, परीक्षेला बसल्यासारखे. मी तळवा दगडाच्या पेटीवर ठेवला, रोज ठेवते तसा. थरथर बरोबर होती. पीठ बोटांत घेऊन बघितलं, बरोबर होतं. दोनदा ह्यांनी रिकामी मूठ दाखवली आणि दोन्ही वेळा खरंच दाणे संपत आले होते. मी आधीच वाकून बघितलं होतं, पण तसं ह्यांना दाखवलं नाही.

दुपारी जरा सवड मिळाली, दगड चालूच होते. मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "कशी वाजते हो आता?"

हे विचारात पडले. इतकी वर्षं इथं काढली, पण असं कोणी विचारलं नव्हतं. नरसाळ्याकडे बघितलं, दगडांकडे बघितलं, डोकं खाजवलं. मग माझ्याकडे तोंड करून, ओठ नीट उघडून म्हणाले, "खूप वाजते. कान फाटतात."

मी हसले. बहुतेक फार मोठ्यानं हसले असेन, कारण दारातली दोन्ही गिऱ्हाइकं दचकून वळली.